चाचणी-खंदक, ग्रामीण भूमीवरील
विस्तृत उत्खनन हाती घेण्यापूर्वी, किंवा एखाद्या शेतजमिनीवर बांधकामास अनुमती देण्यापूर्वी, भूपृष्ठाखाली पुरावशेष आहेत काय, असल्यास ते कोणत्या काळातील व कितपत सुस्थितीत आहेत, हे पाहण्यासाठी खणलेला अरुंद चर. या पद्धतीचा व्यापक व नियमबद्ध वापर इंग्लंडमध्ये झाला. तेथील शेतांत अशा खंदकांतून हाती येणारे अवशेष पुष्कळदा मध्ययुगोत्तर, म्हणजे स्थूलमानाने सोळावे ते एकोणिसावे शतक या काळातील असतात.

लंडनमध्ये १९८९ साली एका इमारतीच्या बांधकामापूर्वी रोझ या एलिझाबेथकालीन नाट्यगृहाचा पाया उघडकीस आला आणि त्याच्या जतनावरून मोठा वाद माजला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९० मध्ये, शासनाने पुरातत्त्व व नगररचना यांविषयीची मार्गदर्शिका प्रसृत केली. बांधकामाचा निर्णय होण्यापूर्वीच जमिनीची पुरातत्त्वीय पाहणी व्हावी आणि तिचा खर्च बांधकाम करणाराने सोसावा, हे तत्त्व तीमुळे रूढ झाले. २०१० व २०१२ मध्ये या मार्गदर्शिकेची जागा नव्या धोरणांनी घेतली. तत्त्व मात्र कायम राहिले. तेव्हापासून गावाबाहेरची साधी कुरणे व शेतेही पुरातत्त्वज्ञाच्या नजरेखाली आली.

प्रारंभी जुने नकाशे, विमानातून घेतलेली छायाचित्रे व चुंबकीय सर्वेक्षण यांच्या आधारे खंदकांच्या जागा निश्चित करतात. १८३६ च्या कायद्यानंतर चर्चला द्यावयाच्या दशमांशाच्या आकारणीसाठी तयार झालेले नकाशे या कामी फार उपयोगी पडतात. कारण त्यांत प्रत्येक शेताची हद्द, मालक व कसणारा यांची नोंद आढळते. खंदक सामान्यतः ३० ते ५० मी. लांब व सु. २ मी. रुंद असतो. दाते नसलेल्या रुंद पात्याच्या यंत्राने नांगरटीची माती पातळ थरांत काढतात, आणि पहिला पुरातत्त्वीय थर किंवा मूळची कोरी जमीन लागताच यंत्र थांबवून पुढील काम हातांनी करतात. एकूण क्षेत्राच्या २ ते ५ टक्के भाग उघडण्याचा प्रघात आहे. १ हेक्टर जमिनीत ४ टक्के म्हणजे ४०० चौ. मी.; म्हणजे वरील मापाचे सुमारे ४ ते ७ खंदक. उरलेल्या ९६ टक्क्यांविषयीचे मत या खंदकांवरून बनवावयाचे असते. लांबच लांब खंदकांस छेदणारे बांध व चर यांतून सहसा निसटत नाहीत. एकाकी दफन, खांबांचे खळगे किंवा मातीच्या भिंतींची झोपडी मात्र सहज निसटते.

मध्ययुगोत्तर अवशेषांत दिपवणारे काही नसते. सरी-वरंबे हा त्यांतील सर्वांत परिचित प्रकार. बैलांची लांब जोडणी वळवताना उमटलेले, किंचित नागमोडी व रुंद वरंबे मध्ययुगीन. सरळ व अरुंद वरंबे बहुधा अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील. त्यांना छेदून जाणारे सरळ चर हे संसदेच्या कायद्यांनी १७५० ते १८५० च्या दरम्यान घडवून आणलेल्या कुंपणबंदीचे चिन्ह होय. सामाईक रान गेले आणि लहान शेतकरी व मजूर यांचे गुराढोरांचे हक्क बुडाले, हा इतिहास कागदोपत्री प्रामुख्याने जमीनदारांच्या बाजूने नोंदला गेला आहे. पाण्याच्या निचऱ्यासाठी पुरलेली भाजक्या मातीची कौले कालनिर्णयास उपयोगी पडतात. निचऱ्याच्या कौलांना १८२६ च्या कायद्याने कर माफ झाला. अट एवढीच, की त्यांवर निचरा या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘ड्रेन’ ठसविलेला असावा. करचुकवेपणा टाळण्यासाठीचा हा ठसा आज संशोधकास तारखेचे काम देतो.

नांगरटीच्या मातीत खापरे व तंबाखूच्या पांढऱ्या मातीच्या चिलमींचे तुकडे विखुरलेले असतात. त्यांतील बरेचसे त्या जागी कोणी राहत असल्याचा पुरावा नव्हेत. शेणखत व शहरातून आणलेले सोनखत यांबरोबर ते शेतात पडलेले असतात. तंबाखू स्वस्त होत गेला तसतशी चिलमीची वाटी मोठी होत गेली, तर नळीचे छिद्र लहान होत गेले. या छिद्राच्या व्यासावरून कालनिर्णय करण्याची पद्धत जे. सी. हॅरिंग्टन यांनी अमेरिकेत १९५४ मध्ये मांडली. तुकडे थोडे असल्यास तिच्यावर विसंबू नये.

अरुंद खंदकाच्या मर्यादांचा बोधप्रद अनुभव यॉर्कशरमधील व्हॅरम पर्सी या ओसाड गावी आला. आर्थिक इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड यांनी तेथे प्रथम खणले, ते गवताखालील उंचवटे घरांचेच आहेत हे पडताळण्यासाठी. तेवढे सिद्ध झाले. पण एकाच जागी पुनःपुन्हा बांधलेल्या घरांचा क्रम अशा चरांतून उलगडेना. जॉन हर्स्ट यांनी डेन्मार्कमधील पद्धत स्वीकारून सलग मोठे क्षेत्र उघडण्यास आरंभ केला. १९९० पर्यंत चाललेल्या या उत्खननात इ. स. १५०० च्या सुमारास गाव उठल्यानंतरचे धर्मगुरूचे निवासस्थान आणि अठराव्या शतकातील शेतघरही अभ्यासले गेले.

मध्ययुगोत्तर पुरातत्त्वासाठी इंग्लंडमध्ये १९६६ साली स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तरीही खंदकात केवळ याच काळातील चर व खापरे लागली, की ‘महत्त्वाचे काही नाही’ असा शेरा मारण्याची प्रवृत्ती दिसते. तो घाईचा आहे. ज्या मजुरांच्या घरांची नकाशांत चौकट आहे पण वर्णन कोठेच नाही, त्यांच्या चुलीची राख व फुटकी ताटे एवढाच त्यांचा दप्तरखाना. आणि इमारत उभी राहिल्यावर तोही उरत नाही. महाराष्ट्रात नेवासे येथील उत्खननात (१९५४–५६) अश्मयुगापासूनच्या क्रमाच्या शिरोभागी असलेल्या मुस्लिम-मराठा कालखंडास स्वतंत्र स्थान देण्यात आले व त्यातील काचेच्या बांगड्यांसारख्या वस्तूंचीही नोंद झाली.