धर्मानंद कोसंबींचे सिंहलद्वीपातील एक वर्ष

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार, तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा, असा निरोप समितीच्या कार्यकर्त्यांनी दिला तेव्हा विषय आधीच मिळालेला होता. तो दिला आठवीतल्या एका मुलाने. रविवारची वंदना झाल्यावर हातातली पुस्तिका मिटत त्यानं विचारलं, "सर, ही पाली भाषा आपल्याकडं कुठून आली?" मी म्हणालो, "आली नाही बाबा, परत आली." त्याला ते पटलं नसावं. पण पाच मिनिटांत सांगून होण्यासारखी ती गोष्ट नव्हती, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आपण जी वंदना म्हणतो ती देवनागरी अक्षरांत छापलेली असते. आपल्याला त्यात विशेष काही वाटत नाही. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखात कोणाला त्रिपिटक वाचायचे म्हटले तर ते वाचणार कसे? पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहली लोक ती सिंहली अक्षरांत लिहीत, ब्रह्मी लोक ब्रह्मी अक्षरांत, सयामी लोक सयामी अक्षरांत. लंडनला १८८१ साली ऱ्हिस डेव्हिड्स यांनी पाली टेक्स्ट सोसायटी काढली, ती रोमन अक्षरांत ग्रंथ छापू लागली. हे ऱ्हिस डेव्हिड्स पूर्वी सिलोनात सरकारी नोकरीत होते आणि तिथेच पाली शिकले होते. म्हणजे इंग्रज माणसालासुद्धा पालीसाठी सिलोनचाच उंबरा ओलांडावा लागला. ज्या भूमीत तथागत पंचेचाळीस वर्षे पायी हिंडले, त्या भूमीत त्यांचे शब्द वाचण्याची सोय उरलेली नव्हती.

अशा वेळी एक मराठी माणूस उठला आणि चालू लागला. त्याचे नाव धर्मानंद दामोदर कोसंबी. जन्म ९ ऑक्टोबर १८७६, गोव्यातील साखवाळ गावी. शाळेचे शिक्षण बेताचे, इंग्रजी जवळजवळ नाहीच. एका बालमासिकात बुद्धाचे छोटेसे चरित्र वाचनात आले आणि त्या विचाराने त्यांना असे धरले की १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. घरी पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक. हे मी मुद्दाम लिहितो. थोरांची चरित्रे सांगताना आपण घर सोडणाऱ्याचे कौतुक करतो, मागे राहिलेल्या बाईला एका ओळीत गुंडाळतो. बाळाबाईंनी सुमारे सात वर्षे वाट पाहिली. आपल्या आष्टी तालुक्यातल्या बायांना वाट पाहणे म्हणजे काय ते ठाऊक आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या निघाल्या की म्हाताऱ्या आणि लेकरं उन्हाळ्यापर्यंत रस्त्याकडंच बघत असतात. सात वर्षांचा हिशेब त्यावरून करावा.

कोसंबी प्रथम पुण्यास आले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी त्यांना आधार दिला. मग ग्वाल्हेर करून काशी. काशीत संस्कृत शिकले. पुढे फेब्रुवारी १९०२ मध्ये नेपाळ गाठले. बुद्धाच्या जन्मभूमीकडच्या देशात तरी धम्म जिवंत सापडेल अशी आशा होती, ती साफ फोल ठरली. तेथून बुद्धगया. तिथे महाविहार महंतांच्या ताब्यात. मात्र बुद्धगयेत त्यांना कळले की पाली शिकायची तर सिलोन गाठले पाहिजे. अनागारिक धर्मपाल यांनी १८९१ मध्ये स्थापलेल्या महाबोधी सोसायटीच्या कलकत्त्यातील मंडळींनी मदत केली. मद्रासवरून तुतिकोरीन, आणि तुतिकोरीनहून आगबोटीने कोलंबो. त्या काळी सिलोनला जाण्याचा हाच नेहमीचा मार्ग होता. १९०२ च्या उन्हाळ्याच्या सुमारास कोसंबी कोलंबोच्या विद्योदय परिवेणात दाखल झाले.

परिवेण म्हणजे भिक्खूंचे विद्यापीठच म्हणा. विद्योदयाची स्थापना १८७३ साली हिक्कडुवे श्री सुमंगल महास्थविर यांनी केली होती. कोसंबी पोहोचले तेव्हा महास्थविर पंचाहत्तरीच्या घरात होते आणि त्यांच्या विद्वत्तेचा लौकिक युरोपपर्यंत गेलेला होता. आता अडचण बघा. महास्थविरांची भाषा सिंहली, कोसंबींची मराठी-कोकणी. इंग्रजीचा उपयोग नाही. पण महास्थविर संस्कृतचेही मोठे पंडित, आणि कोसंबींनी काशीत केलेले संस्कृत इथे कामाला आले. ज्या संस्कृतमधून बुद्धाचे नाव पुसट झाले, त्याच संस्कृतच्या पुलावरून एक मराठी विद्यार्थी पालीपर्यंत गेला, ही इतिहासाची गंमतच आहे.

१९०२ मध्येच त्यांनी सुमंगल महास्थविरांकडून श्रामणेर दीक्षा घेतली. वय पंचवीस-सव्वीस, आणि बसायचे अक्षरे गिरवायला. सिंहली अक्षरे गोल गोल, वेटोळ्यांची. ताडपत्रावर लोखंडी टोकाने लिहायची रीत. सरळ आडव्या रेघेने पान फाटते, म्हणून अक्षरे गोलावली असे सांगतात. देवनागरीच्या शिरोरेघेला सरावलेल्या डोळ्यांना एक अक्षर दुसऱ्यासारखेच दिसणार. आधी लिपी, मग शब्द, मग व्याकरण, मग सुत्ते. आपल्याकडं साठीत प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला बसलेल्या आमच्या एका आजीची मला इथे आठवण होते. ती म्हणायची, "अक्षर ओळखीचं व्हईपर्यंत ते भूतावाणी दिसतंय."

शिवाय तेथील दिनक्रम. श्रामणेराने मध्यान्हानंतर जेवायचे नाही. परदेशातले अन्न, ते कोसंबींना मानवेना आणि प्रकृतीची कुरबूर सुरू झाली. घरून मनीऑर्डर नाही, बोलायला मराठी माणूस नाही. तरी वर्षभर ते टिकून राहिले. धम्मासाठी केलेला त्याग असे आपण भाषणात म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर काहीतरी भव्य चित्र येते. मला वाटते, त्याग पुष्कळदा असाच दिसतो : अंगात कसकस असताना परक्या लिपीतले पान पुन्हा पहिल्यापासून वाचणे.

१९०३ मध्ये प्रकृतीमुळे त्यांनी सिलोन सोडले आणि मद्रासला आले. तेथे प्रा. पी. लक्ष्मी नरसू यांच्यासारख्या बौद्ध विचाराच्या मंडळींशी परिचय झाला. याच नरसूंचा बौद्ध धम्मावरील इंग्रजी ग्रंथ १९४८ मध्ये बाबासाहेबांनी स्वतःची प्रस्तावना जोडून पुन्हा प्रसिद्ध केला. मद्रासहून कोसंबी ब्रह्मदेशात गेले. मधल्या काळात, १९०४ मध्ये, उत्तर हिंदुस्थानातील पवित्र स्थळांची यात्रा केली आणि कुशिनाऱ्यालाही राहून आले. बाबासाहेबांना १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा देणारे चंद्रमणी महास्थविर कुशिनाऱ्याचेच. १९०४ च्या अखेरीस कोसंबी पुन्हा उत्तर ब्रह्मदेशात होते. सगाईंगच्या डोंगरातील गुहेत त्यांनी ध्यानाभ्यास केला, सोबतीला ज्ञानतिलोक नावाचे जर्मन भिक्खू. एक गोव्याचा, एक जर्मनीचा, आणि आचार्य ब्रह्मी. त्यांच्यात समान धागा होता तो पालीचा.

हे सारे झाले, पण पाया त्या सिंहलद्वीपातील वर्षाचाच. हे नुसते म्हणून चालणार नाही, म्हणून त्याची फळे सांगतो.

१९०६ मध्ये कोसंबी कलकत्त्याला पाली शिकवू लागले, त्याच वर्षी गोव्याला जाऊन बाळाबाईंना घेऊन आले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात राहावे आणि ग्रंथ लिहावेत. याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये बाबासाहेब अमेरिकेस गेले. १९१० मध्ये 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे कोसंबींचे छोटे पुस्तक आले. त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावून घेतले. परत आल्यावर १९१२ ते १९१८ पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली, आणि डॉ. पु. वि. बापट यांच्यासारखे पालीचे पंडित तयार झाले. 'विसुद्धिमग्ग' देवनागरीत १९४० साली छापून निघाला.

पण माझ्या मते सर्वात मोलाचे फळ दुसरेच. सिद्धार्थाने घर का सोडले, तर म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहिला म्हणून, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. कोसंबींनी मूळ पाली वचने स्वतः वाचली आणि त्यांना ती कथा पटेना. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नाही, हे कसे शक्य आहे? 'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यांनी सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्ताच्या आधाराने वेगळा विचार मांडला. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडणे होती. आप्तांनीच एकमेकांवर शस्त्र उचलावे हे सिद्धार्थाला सोसवेना आणि तो बाहेर पडला. बाबासाहेबांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणीच्या पाण्याचाच प्रसंग येतो, हे आपणा सर्वांना माहीत आहे.

आता पाण्यावरून भांडण म्हणजे काय, हे आष्टीला कोणी शिकवायला नको. १९७२ च्या दुष्काळात एकेका घागरीवरून डोकी फुटलेली मी लहानपणी पाहिली आहेत, आणि विहिरीवर कोणी आधी जायचं हे ज्या जातीवरून ठरायचं तेही पाहिलं आहे. चार दृश्यांची गोष्ट आमच्या माणसाला देवळातल्या कीर्तनासारखी लांबची वाटते. रोहिणीचं पाणी म्हटलं की तो सरसावून बसतो. हा पाठ दुसऱ्याच्या तोंडून ऐकून कोणाला सापडला नसता. त्यासाठी मूळ शब्द वाचावे लागले, आणि ते वाचण्यासाठी आधी ती गोल अक्षरे.

बाबासाहेबही आशियातील बौद्ध देशांत गेले : मे १९५० मध्ये सिलोनात कँडीला जागतिक बौद्ध परिषदेसाठी, १९५४ मध्ये रंगूनला, नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला. रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात बसवली गेली. त्यांनी पालीचा शब्दकोशही तयार करायला घेतला होता. औरंगाबादच्या कॉलेजाला 'मिलिंद' हे नाव दिले तेही 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथावरून. आपल्या भागातली कितीतरी मुले तिथे शिकून मोठी झाली.

कोसंबी ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे वारले. नागपूरचा सोहळा त्यांना पाहता आला नाही. १९५६ ते १९६१ या काळात भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदेहून अवघे त्रिपिटक देवनागरीत छापले गेले, तेही त्यांच्या पश्चात.

त्यांचे 'निवेदन' हे आत्मचरित्र १९२४ सालचे. भाषा साधी आहे, आठवी-नववीच्या मुलाला सहज समजते. माझी प्रत त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलाला दिली आहे. त्याचं वाचून झालं की ती विहाराच्या कपाटात ठेवतो. ज्यांना हवी त्यांनी रविवारी वंदनेनंतर मागून घ्यावी.