मठातून जेरुसलेमला

पोप आठवे बोनिफेस यांनी १२९८ साली मठवासिनींनी मठाचा उंबरठा ओलांडू नये असा दंडक घातला. पण जेरुसलेमची आस दंडकाने थोडीच मावळते! उल्म नगरीचा डोमिनिकन साधू फेलिक्स फाब्री १४८० साली तेथे जाऊन आला. पवित्र भूमीत त्याला जेमतेम नऊ दिवस मिळाले. १४८३ साली तो पुन्हा निघाला. पुढे १४९२च्या सुमारास त्याने स्वाबियातील मठवासिनींसाठी ‘सियोनपिल्गर’ हा जर्मन ग्रंथ रचला. दररोजची मजल नेमून दिलेली. वाचिकेने ती मठातच वाचावी, प्रार्थना म्हणावी आणि मनाने पुढे सरकावे. समुद्राचे वादळ नाही, जकात नाही, ममलूक अंमलदारांचा जाच नाही. जेरुसलेमप्रमाणेच रोम आणि सान्तियागोही याच वाटेने. मानसपूजा जाणणाऱ्या आमच्या वाचकांस यात नवल वाटू नये.

मनाने जाणाऱ्यास प्रत्यक्ष यात्रिकाहून लाभ अधिक, असे फाब्री बजावतो. हे निव्वळ सांत्वन होते असे आम्हांस वाटत नाही. यात्रेतील धावपळ त्याने स्वतः सोसली होती. मात्र पहिल्या यात्रेने मन भरले नाही म्हणून तो दुसऱ्यांदा गलबतात बसू शकला. त्याच्या वाचिकांना ती मुभा नव्हती.