नाव सोनूबाई, सातबारा कुणाचा?

गटाच्या बैठकीत हजेरी घेताना आपण एकेक नाव वाचतो. रखमाबाई, सीताबाई, गोदाबाई, धोंडाबाई, शेवंता, गुलाब, फातिमा, सुजाता. रोज कानावर पडणारी ही नावं आली कुठून, त्यांचा अर्थ काय, आणि ती आपल्याकडे किती दिवस राहतात, हे आज पाहूया.

रखमापासून सुरुवात करू. रुक्मिणीची झाली रखुमाई आणि रखुमाईची रखमा. रुक्म म्हणजे सोनं. म्हणजे रखमा ही खरी सोनूबाई. सीता या शब्दाचा अर्थ नांगराने जमिनीत पडलेलं तास. जनकराजाने नांगर धरला, तेव्हा ती त्या तासात सापडली, म्हणून ती सीता. अनसूया म्हणजे जिच्या मनात असूया नाही, हेवा नाही, ती. तिची आपण अनुसया केली. पार्वती म्हणजे पर्वताची लेक, तिची झाली पारू. शेवंता हे शेवंतीच्या फुलावरून. गुलाब हा शब्द फारसी आहे. गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. तो शब्द इतका आपला झाला, की गुलाबबाई हिंदूंच्या घरीही असते. आयेशा हे नाव अरबी, त्याचा अर्थ जगणारी, जिवंत. नूरजहाँ म्हणजे जगाचा उजेड. दूरदूरच्या भाषांतून आलेली ही नावं आपल्याच गल्लीत राहतात.

मराठी घरांत नद्यांची नावं तर हटकून सापडतात. गोदा, कृष्णा, भीमा, तापी, यमुना, भागीरथी, चंद्रभागा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आईचं नाव भीमाबाई आणि मुलाचं नाव भीमराव. पंढरपूरला जी चंद्रभागा म्हणून वाहते, ती हीच भीमा. पाण्यावर ज्यांचं पोट आहे, त्यांनी लेकीला नदीचं नाव द्यावं यात नवल नाही. वारली आणि इतर आदिवासी घरांत जन्माच्या वारावरून नाव ठेवायची रीत आहे. सोमवारची सोमी, बुधवारची बुधी. तिथे नाव हेच जन्माचं टिपण असतं.

धोंडाबाई, दगडू, केराबाई, भिकाबाई ही नावं ऐकून तरुण मुली हसतात. त्यांनी हसण्याआधी कारण ऐकावं. ज्या घरात मुलं जगत नसत, त्या घरात नवं मूल झालं की त्याला मुद्दाम हलकं नाव देत. धोंड्याला, केराला कोण नजर लावणार? मरणाने त्याच्याकडे दुर्लक्ष करावं आणि लेकरू वाचावं, एवढीच त्या आईची इच्छा. ते नाव मायेपोटी ठेवलेलं असे. मुलींच्या शाळांसाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षी कर्व्यांचं नावही धोंडोच होतं.

नकोशीची गोष्ट वेगळी आहे. एकापाठोपाठ मुली झाल्या की पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून मुलीला नकोशी, नकुसा म्हणायचं. धोंडाबाई जगावी म्हणून धोंडाबाई होती. नकोशीला मात्र आयुष्यभर दर हाकेला ऐकावं लागे, की तू नको होतीस. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावं देण्यात आली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. नाव बदलणं सोपं, नकोसेपण जायला वेळ लागतो, हे हे आकडे सांगतात.

नावाच्या शेपटाचाही इतिहास आहे. वाड्यातली काशी ही काशीबाई, वस्तीवरची काशी मात्र नुसती काशी, नाहीतर काशे. वाड्यातला यशवंत यशवंतराव, वस्तीवरचा येशा. कुणाला पुरं नाव आणि कुणाला अर्धं, हे जातीवरून आणि जमिनीवरून ठरत असे. म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला, त्यानंतर घराघरांतली नावं बदलली, ही मोठी गोष्ट आहे. सुजाता, गौतमी, संघमित्रा, यशोधरा, विशाखा. बुद्धाला खीर देणारी सुजाता, धम्म घेऊन श्रीलंकेला गेलेली संघमित्रा. आईबापांनी लेकीला मान कुणाकडे मागायला न लावता नावातच देऊन टाकला.

आता लग्नाकडे येऊ. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहायचं, ही रीत आपल्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिली आहे, काहींनी भोगलीही आहे. आडनाव तर बदलतंच, इथे पहिलं नावही बदलतं. मोठमोठ्या बायकाही यातून सुटल्या नाहीत. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई माहेरच्या मणिकर्णिका. डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई, त्याही माहेरच्या यमुना. धोंडो केशव कर्व्यांशी १८९३ मध्ये पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई त्याआधी गोदूबाई होत्या. दोन यमुना आणि एक गोदा, तिघींची नावं माहेरीच राहिली. मणिकर्णिका हाही काशीचा घाट.

बाई लग्नानंतर दुसऱ्या घरात नव्याने जन्मते, ही त्यामागची समजूत. कधी सासूचं किंवा जावेचं नाव तेच असलं, म्हणूनही सुनेचं नाव बदलत. काहींना नवं नाव आवडतं, ते हौसेने घेतलं जातं, त्याला कुणाची हरकत नाही. पण लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे, असा कायदा नाही. डॉ. रखमाबाईंची आठवण इथे ठेवावी. लहानपणी झालेलं लग्न मान्य नाही म्हणून त्या नवऱ्याच्या घरी गेल्या नाहीत. १८८४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, तो काही वर्षं गाजला. पुढे त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी बायकांच्या दवाखान्यांत काम केलं. जगाने त्यांना माहेरच्या रखमाबाई म्हणूनच ओळखलं.

आणि आईचं नाव? ते जुन्या काळीही लावत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रावर सातवाहनांचं राज्य होतं. त्यांचे राजे स्वतःला गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवत. गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आजही आहे. पण बारकाईने पाहा. गौतमी हे तिच्या गोत्राचं नाव, तिचं स्वतःचं नाव बलश्री. कौसल्या म्हणजे कोसल देशाची, कैकेयी म्हणजे केकय देशाची, द्रौपदी म्हणजे द्रुपदाची मुलगी. बाईची ओळख तिच्या माणसांवरून किंवा मुलखावरून सांगायची, ही सवय फार जुनी आहे. बलश्रीने लेख कोरून घेतला, म्हणून तिचं स्वतःचं नाव आपल्याला कळलं.

महाराष्ट्र सरकारने आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी नियम केला आहे. बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. आपल्या नातवंडांच्या दाखल्यावर आपल्या लेकीसुनांचं नाव येणार. ते बरोबर लिहिलंय ना, हे दाखला घेतानाच पाहून घ्यावं.

इतकं सांगायचं कारण जमिनीशी जोडलेलं आहे. जिच्या नावाचा अर्थ नांगराचं तास, त्या किती सीताबाईंच्या नावावर शेत आहे? शेतकरी संघटनेचे शरद जोशी आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी हाच प्रश्न धरला होता. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन झालं आणि त्यानंतर काही वर्षांत लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. घरची लक्ष्मी म्हणता, तर तिच्या नावावर जमीन करा, असं गावोगाव सांगितलं गेलं आणि कितीतरी शेतकऱ्यांनी आपल्या बायकोच्या नावावर जमीन केली. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये साऱ्या देशाने कायदा केला, की हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्माने हक्क आहे. लग्न झालं, नाव बदललं, म्हणून तो हक्क जात नाही.

पण कागदावर अडचण होते. शाळेच्या दाखल्यावर यमुना, आधार कार्डावर आनंदी. वडील गेल्यावर वारसनोंदीच्या वेळी विचारतात, की ही यमुना आणि ही आनंदी एकच कशावरून? तिथे बाईचा पाय अडकतो आणि कधी भाऊबंदांनाही ते सोयीचं असतं. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवावा. विवाह नोंदणी ग्रामपंचायतीत करून घ्यावी आणि त्यात लग्नाआधीचं नाव नीट लिहिलंय का ते पाहावं. नाव बदललं असेल तर राजपत्रात नोंद करून ती प्रत सांभाळावी. ज्या मुलींची लग्नं ठरताहेत, त्यांच्याशी नाव ठेवायचं की बदलायचं, हे आधी बोलावं. ठरवणारी तीच असावी.

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी म्हण आहे. वाळा कथलाचा असला तरी चालेल, मैत्रिणींनो. वारसनोंदीत सोनूबाईचं नाव मात्र हवं. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने दोन गोष्टी आणाव्यात. एक, आपलं माहेरचं नाव आणि त्याचा अर्थ. अर्थ माहीत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, नाव कुणी ठेवलं आणि का, तेही विचारा. दुसरी, घरच्या सातबाऱ्याची प्रत. त्यावर कुणाकुणाची नावं आहेत, ते आपण सगळ्या मिळून मोठ्याने वाचू.