पाच आवाजांचे वृत्त

जुनी कृती नव्या, अधिक समर्थ माध्यमात जाते, हा रूपांतराचा क्रम आपल्या परिचयाचा आहे. व्हिडिओ गेमच्या संगीतात मात्र गेली काही वर्षे नेमका उलटा प्रवास चालू आहे. वाद्यवृंद आणि गायकसमूह यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रित झालेले आजच्या गेमचे संगीत घ्यायचे आणि १९८०च्या दशकातील एखाद्या यंत्राच्या मोजक्या आवाजांत ते नव्याने रचायचे, असा हा उद्योग. जुन्या चिपवर निर्माण होणाऱ्या या संगीताला चिपट्यून म्हणतात. याला केवळ स्मरणरंजन म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण तसे करताना माध्यमाच्या मर्यादेविषयीचा एक महत्त्वाचा प्रश्न निसटून जातो.

मर्यादा नेमकी कोणती, हे आधी पाहायला हवे. जुलै १९८३मध्ये जपानमध्ये निन्टेन्डोचे फॅमिकॉम हे यंत्र आले. त्यातील रिको कंपनीच्या चिपमध्ये पाच चॅनेल होते. दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचे, एक नुसत्या खरखरीचे (ढोल-झांजांचे काम बहुधा हिच्याकडे), आणि पाचवे छोट्या ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी. चौकोनी लहरीची रुंदी चार प्रकारे बदलता येई आणि तिच्या आवाजाच्या पायऱ्या सोळा होत्या. त्रिकोणी लहरीला तेवढीही मुभा नव्हती. ती वाजे किंवा गप्प राही. संगीत बहुतांशी मुद्रित केलेले नसेच. कोणता स्वर केव्हा आणि किती वेळ, एवढ्या सूचना लिहिलेल्या असत आणि चिप ते जागच्या जागी घडवी. १९८५चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा संपूर्ण गेम ४० किलोबाइटांत मावला होता, त्यातच कोजी कोंदो यांचे संगीतही आले. मारिओने उडी मारली की त्या उडीच्या आवाजासाठी संगीतातला एक चॅनेल क्षणभर काढून घेतला जाई. संगीतकाराला हेही गृहीत धरूनच चाल बांधावी लागे.

या टंचाईतून काही युक्त्या जन्माला आल्या. एका चॅनेलवर एका वेळी एकच स्वर निघतो. तेव्हा तीन स्वर इतक्या वेगाने आळीपाळीने वाजवायचे की कानाला ते एकत्रच वाटावेत. घुमारा हवा असेल, तर दुसऱ्या चॅनेलवर तीच चाल किंचित उशिराने आणि हळू आवाजात वाजवायची. आज चिपट्यूनची 'शैली' म्हणून जे ओळखले जाते, ते मुळात अशा तडजोडींचे संचित आहे.

समृद्ध संगीताची गरीब यंत्रासाठी पुनर्रचना करण्याची वेळ त्या काळातही आली होती, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. कोनामी कंपनीने 'अकुमाजो देन्सेत्सु' हा गेम १९८९मध्ये जपानमध्ये आणला, तेव्हा त्याच्या कार्ट्रिजमध्येच एक जादा चिप बसवली होती. तिच्यामुळे दोन चौकोनी आणि एक करवतीच्या दातांसारखी, अशा तीन लहरी वाढल्या. हाच गेम १९९०मध्ये अमेरिकेत 'कॅसलव्हेनिया ३' या नावाने गेला. तिथल्या यंत्रात कार्ट्रिजमधला आवाज मूळ आवाजात मिसळण्याची जपानी सोय नव्हती. आठ चॅनेलांचे संगीत पाचांत बसवावे लागले. दोन्ही ऐकून पाहावीत. जपानी संगीत भरदार आहे यात वाद नाही. पण अमेरिकी आवृत्तीत चालीची हाडे अधिक स्पष्ट दिसतात, असे माझे मत आहे.

तेव्हा ही सक्ती होती; आज ती निवड आहे. मराठीच्या अभ्यासकाला येथे समश्लोकी अनुवादाची आठवण व्हावी. वामन पंडितांपासून विनोबांच्या 'गीताई'पर्यंत, श्लोकाचा अर्थ श्लोकातच बसवण्याचे बंधन अनुवादकाने आपणहून पत्करले आहे. गद्यात मोकळेपणाने सांगता आले असते, हे ठाऊक असूनही. चिपट्यूनचे चांगले रूपांतर याच जातीचे असते. पंचवीस वाद्यांतून कोणते चार सूर राखायचे, याचा निर्णय घेताना रूपांतरकार मूळ रचनेची टीकाच लिहीत असतो. उलट, हवे तेवढे चॅनेल वापरून त्यांना फक्त जुन्या यंत्राचा नाद चढवायचा, असे प्रकार आज उदंड आहेत. त्यांना वृत्तबद्ध म्हणता येणार नाही; ते केवळ यमक जुळवणे झाले. २०१४च्या 'शॉव्हेल नाइट'चे संगीतकार जेक कॉफमन यांनी नवे संगीत रचतानाही कोनामीच्या त्या जादा चिपसह फॅमिकॉमची चौकट पाळली, म्हणून ते वेगळे ठरतात.

२०१७च्या 'निअर: ऑटोमाटा'चे उदाहरण मला सर्वांत लक्षणीय वाटते. केइची ओकाबे हे त्याचे प्रमुख संगीतकार. त्यातील अनेक गीते एमी इव्हान्स यांनी कल्पित भाषांमध्ये गायिली आहेत. या गेममधील एक यंत्रमानव शत्रूच्या अंतरंगात 'हॅकिंग' करून शिरतो. त्या क्षणी चालू असलेलेच संगीत चिपट्यूनच्या रूपात ऐकू येऊ लागते आणि मानवी कंठाच्या जागी चौकोनी लहर येते. शब्दांना आधीच अर्थ नव्हता; आता आवाजही माणसाचा उरत नाही, तरी चाल ओळखू येते. येथे रूपांतर स्मरणरंजनासाठी नाही, ते कथनाचाच भाग आहे.

अर्थात, सगळेच संगीत या वृत्तात बसत नाही. ज्याचा जीव चालीत नसून पोतात, श्वासात, दूरवर विरणाऱ्या नादात आहे, त्याचे पाच चॅनेलांत काही उरत नाही. अशा रूपांतरांचे अपयश बहुधा कारागिरीचे नसते.

आणि ज्या 'मुळा'कडे परतायचे, ते तरी एकच कुठे आहे? आपल्याकडे १९९०च्या दशकात घरोघरी पोचली ती मुख्यतः फॅमिकॉमची स्वस्त नक्कल केलेली यंत्रे. अशा अनेक नकली चिपांमध्ये चौकोनी लहरीच्या दोन रुंदींची अदलाबदल झालेली होती. पाव रुंदीची लहर अनुनासिक आणि बारीक, तर निम्म्या रुंदीची गोल आणि पोकळ. जिथे पहिली हवी तिथे दुसरी वाजे, चाल मात्र तीच राही. अशा यंत्रावर ज्यांचे बालपण गेले, त्यांना अस्सल जपानी चिपवर काटेकोरपणे बांधलेले रूपांतर ऐकताना काहीतरी चुकल्यासारखे वाटले, तर तो त्यांच्या कानांचा दोष नव्हे.