साखरेच्या मुलखातील आंबटगोड

नीरा-बारामती रस्त्यावर, कोऱ्हाळे बुद्रुकच्या पंचक्रोशीत, दिवेलागणीनंतर चायनीजच्या ज्या गाड्यांवर भट्ट्या पेटतात, त्यांच्या फलकांवर मंचुरियन असते, ट्रिपल शेजवान असते, प्रसंगी चायनीज भेळही असते. परंतु लंडनपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतच्या पाश्चात्त्य खवय्याला ज्याच्यावाचून चिनी जेवणाची कल्पनाच करता येत नाही, त्या आंबटगोड वराहमांसाचा तेथे मागमूसही नसतो. डुकराचे मांस आपल्याकडे सर्रास चालत नाही, हे त्याचे उघड कारण. पण ते पुरेसे नव्हे, कारण मांस बदलून कोंबडी घालण्यास कोणाचीच हरकत नव्हती. गाडीवर वराह नाही तशी साखरेची ठसठशीत गोडीही नाही, आणि ज्या तालुक्यात हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते अडतात, तेथेच एखादा पदार्थ त्याच्या गोडीपायी मागे पडावा, ही गोष्ट काहीशी चमत्कारिक खरी. तिचा उलगडा करायचा तर पदार्थाच्या कुळापर्यंत मागे गेले पाहिजे.

हे कूळ दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांताचे, म्हणजे आपल्या जुन्या व्यापाऱ्यांना ठाऊक असलेल्या कँटनच्या मुलखाचे. 1757 पासून 1842 पर्यंत युरोपीय व्यापाऱ्यांना चीनचे हे एकच बंदर मोकळे होते. साखर आणि शिरका यांत घोळलेल्या हाडासकट फासळ्या हा चिन्यांचा जुनाच प्रकार. हाडे चघळण्याची सवय नसलेल्या परकीयांसाठी आचाऱ्यांनी पुढे मांस सोलून त्याचे तुकडे केले, अशी तिकडची वदंता आहे. ती खरी असो वा नसो, कँटनी भाषेत ज्याला 'गूलो युक' म्हणतात तो पदार्थ या बंदराच्या भोवती वाढला, एवढे निश्चित. आज त्याला जो लालभडक रंग असतो तो टोमॅटो सॉसचा, आणि तो विसाव्या शतकातला. त्याआधी रंगासाठी आणि आंबटपणासाठी तेथील आचारी 'शानझा' नावाचे बोराएवढे लाल फळ वापरीत.

परंतु रसाचा निम्मा प्राण जी साखर, तिची कथा याहून पुष्कळ जुनी आहे आणि तिच्यात आपला वाटा मोठा आहे. ऊस चीनमध्ये पूर्वापार होता. त्याच्या रसापासून उत्तम साखर काढण्याची विद्या मात्र भारतात अधिक पुढारलेली होती. ह्युएन त्संग पुलकेशीच्या महाराष्ट्रातून जाऊन थोडीच वर्षे लोटली होती, तेव्हा, म्हणजे 647 च्या सुमारास, तांग घराण्यातील ताइत्सुंग बादशहाने रस आटवण्याची ही कृती शिकून येण्यासाठी मगधात माणसे धाडली आणि ती परतल्यावर यांगचौ येथील ऊस त्या पद्धतीने आटवण्याचा हुकूम सोडला, अशी नोंद तांग घराण्याच्या अधिकृत इतिहासात आहे. त्यात पुढे अशीही मखलाशी आहे की तयार झालेली साखर रंगाने आणि चवीने पश्चिमेकडच्या साखरेहून सरस उतरली. शिष्याने गुरूवर मात केल्याचा दाखला शिष्याच्याच दफ्तरात सापडावा, यात नवल नाही.

ही विद्या हजार-अकराशे वर्षांनी व्याजासह परत आली. जमशेटजी जीजीभाईंच्या पिढीतील मुंबईकर व्यापारी कापूस आणि, सांगण्यास संकोच वाटला तरी, अफू घेऊन कँटनला जात. परतीच्या गलबतांत चहा आणि रेशमाबरोबर साखरही येई. बंगालमध्ये तर 1780 च्या सुमारास आच्यू नावाच्या एका चिनी गृहस्थाने वॉरन हेस्टिंग्जकडून हुगळीकाठी बजबजजवळ जमिनीची सनद मिळवली, ऊस लावला, मायदेशाहून मजूर आणवले आणि साखरेचा कारखाना घातला. हिंदुस्थानातील चिनी वसाहतीचा तो मूळपुरुष; त्याच्या नावाने वसलेल्या अचिपूर गावी कलकत्त्याचे चिनी लोक आजही आपल्या नववर्षाच्या सुमारास त्याच्या थडग्याच्या दर्शनास जातात. येथे वस्तीला आलेला पहिला चिनी माणूस आचारी म्हणून आला नाही, ऊस लावणारा बागाईतदार म्हणून आला, हे बारामती-इंदापूरच्या वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच्यानंतर शंभरएक वर्षांनी, 1885 मध्ये, नीरेचा डावा कालवा सुरू झाला. विश्वेश्वरय्यांनी पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत या कालव्यावर बसवली. बारामतीची गुळाची पेठ नावारूपास आली. 1930 नंतरच्या दशकात वालचंदनगर उभे राहिले, आणि स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर हे सहकारी कारखाने.

मुंबईत चिनी आले ते बहुतांशी बोटींवरचे खलाशी आणि गोदीतले कारागीर म्हणून. माझगावात नवाब टँक रस्त्यावर 'सी यप कून' हे त्यांचे 1919 सालचे देऊळ अद्याप उभे आहे. सी यप म्हणजे ग्वांगडोंगमधील चार परगणे. आणि सोन्याच्या शोधात व पुढे रेल्वेच्या कामावर जे चिनी मजूर एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात गेले, त्यांतील फार मोठा भरणा याच चार परगण्यांचा होता. तिकडे 1882 च्या कायद्याने त्यांच्या प्रवेशावर बंदी आली; पुढे 1915 मध्ये न्यायालयाने खाणावळीच्या मालकाला व्यापाऱ्याचा दर्जा दिला, तेव्हा मायदेशी जाण्या-येण्याची सनदशीर वाट सापडून खाणावळींची संख्या भराभर वाढली, आणि गोऱ्या गिऱ्हाइकाच्या गोडघाशा जिभेला मानवणारे आंबटगोड डुकराचे मांस कागदी डब्यांतून घरोघर पोचले. म्हणजे याच चार परगण्यांच्या दोन शाखा. एकीच्या हातून साखर वाढत गेली, दुसरीच्या मुलखात तिखट.

हे तिखट कोणी घातले, याची हकीकत आता सर्वतोमुखी आहे. कलकत्त्यात जन्मलेला नेल्सन वाँग हा चिनी तरुण मुंबईत येऊन क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मुदपाकखान्यात असताना, 1975 मध्ये, काहीतरी नवे खिलवण्याची मागणी झाली. त्याने आले, लसूण आणि हिरवी मिरची हा आपला नेहमीचा ऐवज घेतला, मात्र गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर योजून चिकन मंचुरियन सिद्ध केले. मंचुरियाशी या पदार्थाचा कवडीचाही संबंध नाही. बारकाईने पाहिले तर तळलेला तुकडा, पिठाची चकाकी आणि आंबट रस हा सारा सांगाडा कँटनचाच. फक्त साखरेची गादी मिरचीला मिळाली.

असे का व्हावे? चिंचगुळाची आमटी ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या शिजते त्यांना आंबटगोडाचे वावडे असण्याचे कारण नाही. पण आपल्या पाकशास्त्रातील वहिवाट अशी की गूळ वरणाआमटीत चालतो, वांग्याच्या भाजीत चालतो, मटणाच्या रश्श्यात मात्र चालत नाही. कोऱ्हाळ्याच्या जत्रेत मटणाला कोणी साखरेचा हात लावला तर त्या आचाऱ्याला पुढल्या वर्षी बोलावणे येणार नाही. मराठी मुलखात वराहमांस ज्यांच्या सणावारी मानाने शिजते त्या वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचे इंदियालही शिरक्यात मुरते, पण अंगाने तिखटच असते. माझे मत विचाराल तर ही वहिवाट थोडी हेकट आहे. चरबीचे मांस तोंडात जड होते, ते आंबटाने तुटते आणि गोडाने आंबटाची धार बोथट होते, हा हिशेब कँटनच्या आचाऱ्याने अचूक मांडला आहे. तो एकदा चाखल्याशिवाय नाकारणे रास्त नव्हे.

चाखायचा तर घरीच करावा लागेल. मांस पुण्याच्या कॅम्पातून आणावे, न मिळाल्यास कोंबडीवर भागवावे. अर्धा किलो खांद्याचे, थोडी चरबी असलेले मांस इंचाइंचाचे चिरून मीठ, सोया सॉस, मिरपूड आणि एक अंडे लावून तासभर मुरवावे, नंतर प्रत्येक तुकडा कोरड्या कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवावा. तळायचे दोनदा. पहिल्यांदा मध्यम आचेवर चार-पाच मिनिटे, मांस आतपर्यंत शिजेतो. मग झाऱ्याने काढून पाचएक मिनिटे तसेच ठेवावे, तेवढ्यात आतला ओलावा कवचाशी येतो. आणि दुसऱ्यांदा कडकडीत तेलात मिनिटभर, म्हणजे तो ओलावा उडून कवच वाजू लागते. रसासाठी साखर आणि शिरका समभाग, चार-चार चमचे, तीन चमचे टोमॅटो सॉस, एक चमचा सोया सॉस, अर्धी वाटी पाणी. कांदा, ढोबळी मिरची आणि अननसाच्या फोडी मोठ्या आचेवर जेमतेम परतून त्यावर हे मिश्रण ओतावे. साखर विरघळून उकळी फुटली, की पाकाला तार येण्याची वाट न पाहता, पाण्यात कालवलेले चमचाभर कॉर्नफ्लॉवर घालावे. रस पारदर्शक होऊन चकाकला की आच बंद. अधिक उकळल्यास शिरक्यातील आम्लाने पिठाचा दाटपणा मोडतो आणि रस पुन्हा पातळ होतो. तुकडे घोळवून लगेच पानात वाढावेत. पाहुण्याची वाट पाहत ठेवलेले तुकडे भिजून त्यांची भजी होतात.

आता राहिला शिरका. गाड्यांवरून आणि वाणसामानाच्या दुकानांतून जे पांढरे व्हिनेगर मिळते ते बहुधा कारखान्यात केलेल्या ॲसेटिक आम्लात पाणी घालून बनवलेले असते. त्यात आंबटपणा आहे, चव नाही. उसाच्या रसाचा खरा शिरका गुजरातेत नवसारीच्या कोलाह या पारशी घराण्याकडून 1885 पासून बाटलीत भरून विकला जातो, म्हणजे आपल्या कालव्याच्याच वर्षापासून. रस आंबला की मद्यार्क होतो आणि मद्यार्काला हवा लागून तो आणखी आंबला की शिरका. यातली पहिली पायरी साखर कारखान्यांना नवी नाही, ते मळीपासून मद्यार्क वर्षानुवर्षे गाळीत आले आहेत. दुसऱ्या पायरीला लागते ते पिंप, हवा आणि काही आठवड्यांचा धीर. सोमेश्वर-माळेगावच्या सभासदांपैकी ज्याच्याकडे गुऱ्हाळ आहे आणि उसाच्या दराची दरवर्षीची घासाघीस ज्याला नकोशी झाली आहे, त्याने चार पिंपे रस या कामी वेगळा काढून पाहावा. पहिली बाटली गावातल्याच गाडीवाल्याला द्यावी.