हीटरयुक्त ऑक्सिजन सेन्सर : मंडलातील बिघाडांचे निदान

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन शिल्लक आहे, हे सांगणारा भाग म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. गॅरेजात त्याला ‘ओटू सेन्सर’ किंवा ‘लॅम्डा सेन्सर’ म्हणतात. हल्लीच्या पेट्रोल गाडीत एक सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी असतो आणि एक नंतर. पहिल्याच्या सांगण्यावरून ईसीएम (इंजिनाचा नियंत्रक संगणक) पेट्रोलची मात्रा कमीजास्त करतो. दुसरा कन्व्हर्टर काम करतो आहे की नाही, यावर नजर ठेवतो. चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर ऑक्सिजन सेन्सरचे नाव घेतो, मालक काही हजार रुपये मोजून नवा सेन्सर बसवतो आणि आठवड्याने दिवा पुन्हा लागतो, असे वारंवार घडते. याचे कारण साधे आहे. स्कॅनरवरचा कोड मंडलाचे नाव सांगतो, सुट्या भागाचे नाही. मंडलात फ्यूज, रिले, वायर, कपलर, हीटर आणि ईसीएम असे सगळेच येतात. सेन्सर हा त्यातला एक घटक.

सेन्सरच्या टोकाला झिर्कोनिया या सिरॅमिकची टोपी किंवा पट्टी असते. तिच्या एका बाजूला धूर आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा असते. दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या प्रमाणात फरक असला की तिच्यात व्होल्टेज निर्माण होते. मिश्रणात पेट्रोल जास्त असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जास्त असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल या नेमक्या प्रमाणापाशी हे व्होल्टेज ०.४५ च्या आसपास एकदम पालटते. यामागचे समीकरण जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडले. त्यांचाच १८९७ चा दिवा इथे आठवण्याजोगा आहे. त्या दिव्यातली झिर्कोनियाची कांडी थंड असताना वीज वाहू देत नसे. आधी वेगळ्या हीटरने ती तापवावी लागे, मगच दिवा पेटे. ऑक्सिजन सेन्सरची गरज तीच आहे. सुमारे ३०० ते ३५० अंश सेल्सिअसच्या खाली तो भरवशाचे काही सांगत नाही.

१९७६ मध्ये व्होल्वोने अमेरिकेच्या बाजारासाठी काढलेल्या गाड्यांत बॉशचा लॅम्डा सेन्सर प्रथम आला. तो धुराच्याच उष्णतेने तापे, त्यामुळे इंजिनाच्या अगदी जवळ बसवावा लागे आणि गाडी आयडलवर उभी राहिली की थंडही पडे. पुढे १९८० च्या दशकात सेन्सरच्या आतच विजेचा हीटर आला. हीटर मेला तरी सेन्सर पूर्ण गप्प होत नाही. हायवेवर धूर पुरेसा गरम असतो, तिथे गाडी ठीक चालते. शहरातल्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत, सिग्नलवर थांबताना आणि सकाळी स्टार्ट केल्यावर मात्र ईसीएमला बराच वेळ अंदाजाने पेट्रोल सोडावे लागते. ॲव्हरेज उतरते, धुराला पेट्रोलचा वास येतो. ‘गावाला जाताना काहीच त्रास नाही, इथेच होतो’ असे मालक म्हणाला, तर मेकॅनिकने ते नीट ऐकावे. निदानाचा पहिला धागा त्यातच असतो.

नेहमीच्या सेन्सरला चार वायरी असतात. दोन हीटरच्या, एक सिग्नलची आणि एक सिग्नलच्या अर्थची. बॉशच्या पद्धतीत हीटरच्या दोन्ही वायरी पांढऱ्या, सिग्नलची काळी आणि अर्थची करडी असते. पण सगळे उत्पादक हे रंग पाळत नाहीत, म्हणून वायरिंगचा नकाशा समोर ठेवूनच काम करावे. बहुतेक गाड्यांत हीटरला पॉझिटिव्ह सप्लाय मेन रिले व फ्यूजमधून मिळतो आणि निगेटिव्ह बाजू ईसीएम उघडझाप करून सांभाळतो. हीटर एकदम पूर्ण ताकदीने चालवत नाहीत, कारण थंड सायलेन्सरमध्ये साचलेल्या पाण्याचा थेंब तापलेल्या सिरॅमिकवर पडला तर ते तडकते.

हीटरचे मुख्य कोड असे : पी०१३५ म्हणजे पहिल्या बँकेच्या पहिल्या सेन्सरच्या हीटर मंडलात दोष, पी०१४१ म्हणजे त्याच बँकेच्या दुसऱ्या सेन्सरच्या. ज्या बाजूला एक नंबरचा सिलिंडर ती पहिली बँक. आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांत तीन किंवा चार सिलिंडर एकाच ओळीत असल्याने दुसऱ्या बँकेचे पी०१५५ व पी०१६१ हे कोड क्वचितच दिसतात. पी००३१ आणि पी००३२ हे कोड जास्त बोलके आहेत. ईसीएमने हीटर बंद ठेवलेला असताना त्याच्या पिनवर हीटरमधून आलेले बॅटरीचे व्होल्टेज दिसायला हवे. ते दिसले नाही की ‘लो’ म्हणजे पी००३१ येतो. मग फ्यूज गेलेला असेल, हीटर आतून तुटलेला असेल, वायर तुटली असेल किंवा बॉडीला लागली असेल. हीटर चालू केल्यावरही व्होल्टेज खाली येत नसेल तर ‘हाय’, पी००३२. तिथे वायर पॉझिटिव्हला चिकटल्याचा किंवा हीटर आतून शॉर्ट झाल्याचा संशय घ्यावा. आणि दोन्ही सेन्सरांच्या हीटरचे कोड एकाच दिवशी आले, तर सेन्सरला हात लावण्याआधी फ्यूज पाहावा. दोन सेन्सर एकाच वेळी मरणे दुर्मीळ. दोघांचा फ्यूज एक असणे नेहमीचे. नवा फ्यूज लगेच उडाला तर एकेका सेन्सरचा कपलर काढून पाहावे. ज्याचा कपलर काढल्यावर फ्यूज टिकतो, त्याच्या हीटरमध्ये किंवा त्याच्या पुढच्या वायरीत शॉर्ट आहे.

सप्लाय तपासताना सर्वांत जास्त फसगत होते. कपलर काढून मल्टिमीटर लावला, १२.६ व्होल्ट दिसले, म्हणून सप्लाय ठीक ठरवला जातो. मल्टिमीटर मंडलातून जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे केसाएवढी एक तार शाबूत असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. समजा थंड हीटरचा रेझिस्टन्स ६ ओहम आहे आणि कपलरच्या पिनवर हिरवा गंज चढून तिथे ४ ओहम वाढले आहेत. सुदृढ मंडलात हीटरला २.१ अँपिअर मिळून सुमारे २६ वॅटची उष्णता निघाली असती. आता एकूण १० ओहममधून जेमतेम १.२६ अँपिअर जातात, हीटरच्या वाट्याला साडेसात व्होल्ट येतात आणि उष्णता साडेनऊ वॅटवर घसरते. मीटर मात्र कपलर उघडा असताना १२.६ व्होल्टच दाखवत राहतो. म्हणून सप्लायच्या पिनेवर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावून, त्याचे दुसरे टोक बॅटरीच्या निगेटिव्हला जोडून, बल्ब पेटलेला असतानाच व्होल्टेज मोजावे. बल्ब मंद पेटला आणि व्होल्टेज सात-आठवर आले, तर दोष सापडला. नवा सेन्सर बसवून तो जाणार नव्हता.

हीटरचा रेझिस्टन्स सेन्सर थंड असतानाच मोजावा, कारण तापल्यावर तो बराच वाढतो. थंड अवस्थेत तो मॉडेलप्रमाणे साधारण ३ ते १५ ओहमच्या दरम्यान असतो. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. मीटरने ओपन दाखवले तर हीटर तुटला. हीटरची पिन आणि सेन्सरचे धातूचे अंग यांच्यामध्ये काहीही कंटिन्युइटी नसावी. सिग्नलच्या दोन पिनांमध्ये मात्र ओहममीटर लावू नये. सिरॅमिकचा घटक त्याने बिघडू शकतो.

सप्लाय आणि हीटर दोन्ही चांगले निघाले तर उरते ईसीएमची बाजू. कपलरच्या हीटरच्या दोन पिनांमध्ये ५ वॅटचा बल्ब जोडून इंजिन चालू करावे. बल्ब लुकलुकला किंवा पेटला, तर ईसीएम आपले काम करतो आहे. पेटला नाही, तर आधी ईसीएमपर्यंतची वायर तपासावी आणि ईसीएमला दोष सर्वांत शेवटी द्यावा. वायरच्या आवरणाला टाचणी टोचून व्होल्टेज घेण्याची सवय वाईट. पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी शिरते. कपलरच्या मागून बारीक प्रोब घालावा.

सिग्नलच्या मंडलाचे दोष लाईव्ह डेटावर वाचता येतात. पहिल्या सेन्सरचा आकडा गरम इंजिनावर ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वरखाली व्हायला हवा. बऱ्याच गाड्यांत ईसीएम स्वतःच सिग्नलच्या वायरवर ०.४५ च्या जवळपासचे व्होल्टेज ठेवतो, म्हणून तो तिथेच गोठलेला दिसला तर वायर तुटली आहे किंवा सेन्सर तापलेलाच नाही. १ व्होल्टच्या वर गेला, तर हीटरचा पॉझिटिव्ह सिग्नलला लागला आहे का ते पाहावे. सतत शून्याजवळ असेल, तर वायर बॉडीला लागलेली असू शकते. पण मॅनिफोल्डची गॅस्केट गळून बाहेरची हवा आत येत असली तरी आकडा असाच राहतो, आणि तिथे सेन्सर खरेच बोलत असतो. पाच-सहा वायरींचा वाइडबँड सेन्सर वेगळ्या तत्त्वाने काम करतो. हे व्होल्टेजचे आकडे त्याला लावू नयेत.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाल्यावर बहुतेक दुचाकींतही इंजेक्शन आणि ऑक्सिजन सेन्सर आले, त्यामुळे हे काम आता गल्लीतल्या दुचाकी मेकॅनिकपर्यंत पोहोचले आहे. आपल्याकडच्या बिघाडांची कारणेही इथली आहेत. बॉनेटखाली उबेला येणारे उंदीर वायरी कुरतडतात. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत कपलरच्या पिना हिरव्या पडतात. सायलेन्सरचे काम झाल्यावर क्लिप लावायची राहते आणि लोंबणारी वायर गरम पाइपला टेकून वितळते. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटमध्ये सिग्नलची वायर सोलून जोड घेतलेला असतो. त्या जोडावरची चिकटपट्टी सुटली की सिग्नल बिघडतो. अशा गाडीत पहिल्यांदा तो जोड उघडून पाहावा.

तुटलेली वायर जोडताना एक पथ्य पाळावे. अनेक सेन्सरांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीतल्या तारांच्या फटींतूनच आत पोहोचते. तिथे सोल्डर केले की ती वाट बंद होते आणि काही दिवसांनी सेन्सर चुकीचे सांगू लागतो. सेन्सरच्या बाजूच्या वायरी क्रिंप करूनच जोडाव्यात आणि त्याच्या कपलरमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर फवारू नये. सेन्सरच्या आट्यांना लावायचा अँटी-सीझ टोकाला लागू देऊ नये, आणि इंजिनावर सेन्सरला चालणारेच सीलंट वापरावे. साध्या सिलिकॉनच्या वाफेने टोकावर पांढरा थर बसतो आणि सेन्सर निकामी होतो. शिसेयुक्त पेट्रोलही असेच मारक होते. भारतात ते २००० साली बंद झाले.

दुरुस्तीनंतर कोड स्कॅनरने पुसावा, बॅटरी काढून नव्हे. बॅटरी काढली की ईसीएमने शिकलेले इंधनाचे हिशेबही जातात. गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी. सकाळी स्कॅनर जोडूनच स्टार्ट करावी आणि पहिल्या सेन्सरचा आकडा केव्हा हलू लागतो ते घड्याळात पाहावे. हीटर चालत असेल, तर साधारण अर्ध्या-पाऊण मिनिटात, गाडी जागेवर उभी असतानाच, तो वरखाली होऊ लागतो.