मालवणचे बुडालेले खडक : आरमार, अभयारण्य आणि स्कुबा डायव्हिंग

प्रस्तावना

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला व त्याचे मुख्यालय कोळगाव येथे उभे राहिले. कोळगावच्या पश्चिमेस शिरगाव, सातपाटी, केळवे आणि उत्तरेस तारापूर, डहाणू असा सलग किनारा आहे. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या मोहिमेत झुंजलेले किल्ले येथे आहेत. मासेमारीची जुनी परंपरा आहे. असे असूनही समुद्राचा तळ पाहण्यासाठी या किनाऱ्यावर कोणी येत नाही. त्यासाठी पालघरचा पर्यटकही सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण-तारकर्ली गाठतो.

याचे कारण प्रथम भौगोलिक आहे. खंभातच्या आखाताकडे जावे तसतशी भरती-ओहोटीतील तफावत वाढत जाते. डहाणू-तारापूरकडे उधाणाच्या दिवसांत ती पाच मीटरच्या आसपास असते, तर मालवणला साधारण दोन-अडीच मीटर. उत्तर कोकणात हा वेगवान प्रवाह नद्यांनी आणलेला गाळ सतत ढवळत ठेवतो. त्याच प्रवाहाच्या बळावर तेथील डोल जाळ्यात बोंबील भरतो. मात्र त्या गढूळ पाण्यात पाणबुड्याला फारसे काही दिसत नाही. मालवणला खाडीच्या मुखापासून थोडे दूर गेले की तळ खडकाळ होतो आणि पावसाळा संपल्यावर पाणी निवळते. प्रस्तुत लेखाचा विषय हे पाण्याखालचे खडक हा आहे. येथील स्कुबा डायव्हिंगची हकीकत बहुधा पर्यटन विकासाची यशोगाथा म्हणून सांगितली जाते. ती अपुरी आहे.

खडक : संरक्षण आणि संकट

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास प्रारंभ झाला. जागेची ही निवड केवळ बेट म्हणून झाली नव्हती. बेटाभोवती लाटांखाली दडलेल्या खडकांची रांग आहे. वाट न जाणणाऱ्या गलबताला ती घातक, तर वाट जाणणाऱ्याला तीच तटबंदी. हे बेट कोळ्यांनी दाखविले व त्याबद्दल त्यांना गावे इनाम मिळाली, असे परंपरा सांगते. तपशिलाविषयी मतभेद होऊ शकतील, पण पाण्याखालचा खडक कोठे आहे हे दर्यावर्दी आणि मच्छीमार यांच्यावाचून दुसरे कोण सांगणार होते? इतिहासलेखनात हिरोजी इंदुलकरांच्या बांधणीला जेवढे स्थान मिळाले तेवढे या ज्ञानाला मिळालेले नाही. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, पुढे तो करवीर राज्यास परत केला आणि १८१२ च्या तहाने मालवण अखेर त्यांच्याकडे गेले. त्यानंतर या खडकांचे लष्करी महत्त्व ओसरले. गाबीत मच्छीमारांच्या रोजच्या व्यवहारात मात्र ते होतेच. कोणत्या खडपाजवळ कोणती मासळी मिळते आणि कोठे जाळे फाटते, हे त्यांना ठाऊक होते.

शास्त्रज्ञांचा प्रवेश

गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली. या संस्थेच्या ‘महासागर’ या नियतकालिकात १९७९ मध्ये कासिम व वफर यांनी पश्चिम किनाऱ्यावरील जिवंत प्रवाळांची नोंद केली आणि १९८१ मध्ये परुळेकर यांनी मालवणच्या सागरी प्राणिजीवनाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवाळ असतात ही गोष्ट तेव्हा अनेक सुशिक्षितांनाही नवी होती. १३ एप्रिल १९८७ रोजी राज्य शासनाने मालवण सागरी अभयारण्य घोषित केले. एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून त्यापैकी ३.१८ चौरस किलोमीटर हा सिंधुदुर्ग व पद्मगड यांच्या परिसरातील गाभा क्षेत्राचा भाग आहे.

स्थानिक मच्छीमारांनी यास तीव्र विरोध केला, आणि तो अनाठायी म्हणता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढणाऱ्यांना ज्या पाण्यातून हद्दपार होण्याची भीती वाटत होती, त्या पाण्याविषयीचा निर्णय त्यांना विश्वासात घेऊन झाला नव्हता. परिणामी अभयारण्य कागदावर राहिले. व्यवस्थापनही नाही आणि विश्वासही नाही, अशी ती दुहेरी हानी होती.

पाण्याखालचा पर्यटक

कूस्तो व गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये श्वसनयंत्र सिद्ध केले, तेव्हापासून सामान्य माणसाला जहाजाच्या नळीविना पाण्याखाली वावरता येऊ लागले. (पाठीवरच्या नळकांड्यात प्राणवायू असतो हा समज रूढ आहे, सामान्यतः त्यात दाबाखाली भरलेली साधी हवाच असते.) मालवणला ही विद्या उशिरा आली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर राबविलेल्या जैवविविधता प्रकल्पात मच्छीमार कुटुंबांतील तरुणांना पाण्याखालील मार्गदर्शनाचे प्रशिक्षण मिळाले, आणि राज्य पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीस स्कुबा डायव्हिंगची प्रशिक्षण संस्था उभारली. ज्या तरुणांचे वाडवडील अभयारण्याच्या विरोधात उभे होते, तेच आता प्रवाळ दाखवून उपजीविका करू लागले.

याला समेट म्हणण्याचा मोह होतो. परंतु संरक्षित पाण्यात मच्छीमारावर बंधने घालू पाहणाऱ्या व्यवस्थेने पर्यटकावर तितकेसे लक्ष ठेवले नाही. २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मनोरंजनार्थ होणाऱ्या डायव्हिंगमुळे येथील प्रवाळांची झालेली हानी आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडली आणि तिला उत्तरदायित्वाचा अभाव कारणीभूत ठरविला. पोहताही न येणारा पर्यटक काही मिनिटांसाठी मार्गदर्शकाच्या हाती पाण्यात उतरतो. त्याचा तोल गेला की पाय टेकतो तो प्रवाळावर, आणि वर्षाला काही मिलिमीटर ते सेंटिमीटर या वेगाने वाढलेली वसाहत मोडते. यात दोष एकट्या मार्गदर्शकाचा नाही; गर्दीच्या हंगामात एका खडकाभोवती किती नौका उभ्या राहाव्यात, हे ठरविणे त्याच्या हातात नसते.

जानेवारी २०२४ मध्ये नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार ही नौका निवती रॉकनजीक बुडवून तेथे कृत्रिम प्रवाळखडक व पाण्याखालील संग्रहालय करण्याची योजना शासनाने हाती घेतली. प्रवाळांवरील पर्यटकांचा भार तिने हलका व्हावा, ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र निवतीच्या आसपासच्या पाण्यात जाळी टाकणाऱ्यांना या योजनेत कोणते स्थान मिळाले, हे १९८७ चा अनुभव जाणणाऱ्या अभ्यासकाला तपासून पाहावेच लागेल.